माजी पत्नीने किंवा जोडीदाराने संरक्षण आदेश मागितला आणि नोटीस आली: पुढे काय करायचं

दारावर पोलीस शिपाई किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयातला माणूस उभा असतो. हातात कागदांचा गठ्ठा, आणि तोंडी एकच वाक्य: "इथे सही करा." पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५, कलम १२ खालील अर्ज. अर्जदार म्हणून तिचं नाव. गैरअर्जदार क्रमांक एक म्हणून तुमचं, आणि बरेचदा क्रमांक दोन, तीन म्हणून तुमच्या आईचं, बहिणीचं, भावाचं.

त्या पहिल्या तासात माणसं हमखास दोन चुका करतात. एक तर नोटीस घ्यायलाच नकार देतात, "मी काही केलेलंच नाही, मग कशाला घेऊ?" म्हणून. नाहीतर दार लावल्याबरोबर तिला फोन लावतात. या दोन्ही चुकांची किंमत पुढे कित्येक महिने मोजावी लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

नोटीस नाकारल्याने केस थांबत नाही. शिपाई तसा शेरा मारतो, कोर्ट नोटीस बजावली गेली असं धरतं आणि तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो. तेव्हा नोटीस घ्या, सही करा, सहीखाली तारीख आणि वेळ लिहा. सही म्हणजे कागद मिळाल्याची पोच, त्यातून कसलीही कबुली होत नाही. मग शांत बसून तीन गोष्टी शोधा: पुढची तारीख कोणती, कोर्ट कुठलं, आणि गठ्ठ्यात कुठे अंतरिम आदेश, म्हणजे अंतिम निकालाआधीचा तात्पुरता आदेश, जोडलेला आहे का. नोटिशीबरोबर अर्जाची प्रत नसेल तर पहिल्या तारखेला ती मागून घ्यायची. केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा अक्षरं आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा ओळख क्रमांक) हाती आला की ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढच्या तारखा स्वतःच्या मोबाइलवर पाहता येतात. तारीख कळली नाही ही सबब कोर्टात फारशी चालत नाही.

ही केस नेमकी कसली?

घाबरगुंडी उडते ती बहुधा कोर्टाचं नाव वाचून. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणजे फौजदारी कोर्ट, म्हणजे आता अटक, असा समज होतो. पण कलम १२ चा अर्ज फौजदारी कोर्टात चालत असला तरी त्याचं स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे एकाहून अधिक निकालांत सांगितलं आहे. तुम्ही इथे आरोपी नसता. गैरअर्जदार असता. नुसत्या नोटिशीवरून अटक होत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी जामीन घ्यावा लागत नाही, आणि अर्ज मंजूर झाला तरी तो शिक्षेचा निकाल ठरत नाही. छळाची किंवा मारहाणीची वेगळी फिर्याद पोलिसांत दाखल असेल तर ती स्वतंत्र बाब आहे, तिथे जामिनाचा विचार लागतो. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू शकतात, म्हणून वकिलाकडे जाताना दोन्हीकडचे कागद न्या.

"आमचा घटस्फोट झालाय, आता तिचा काय संबंध?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कायद्यातली कौटुंबिक नात्याची व्याख्या भूतकाळही धरते. दोघं एका घरात राहत आहेत किंवा कधीकाळी राहिली होती, इतकं पुरतं. घटस्फोटाआधी झालेल्या हिंसेबद्दल घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. लग्न न करता एकत्र राहिलेल्या जोडीदारालाही हा मार्ग आहे, पण ते नातं लग्नासारखं असावं लागतं. २०१० च्या निकालात त्याच्या कसोट्या दिल्या आहेत: समाजात पती-पत्नी म्हणून वावर, दोघंही कायद्याने लग्नाला पात्र, आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहणं. शनिवार-रविवार एकत्र घालवणं त्यात बसत नाही, असंही त्याच निकालात आहे. तुमचं नातं या चौकटीत मुळात बसतच नसेल, तर तो मुद्दा लेखी म्हणण्यात अगदी सुरुवातीला आला पाहिजे.

अर्ज फक्त स्त्रीलाच करता येतो. मात्र तो कोणाविरुद्ध, यात २०१६ पासून बदल झाला. व्याख्येतले "प्रौढ पुरुष" हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकले, त्यामुळे सासू-नणंदही थेट गैरअर्जदार होऊ शकतात. तुमची बहीण दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन परगावी गेली असेल आणि तुमच्या घरात अर्जदाराबरोबर कधी राहिलीच नसेल, तर तिचं नाव वगळावं म्हणून अर्ज देता येतो. तिच्या लग्नाचा दाखला, तिकडचं रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे कागद, असल्या साध्या गोष्टी तिथे उपयोगी पडतात.

अंतरिम आदेश आधीच झाला असेल तर

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून बघू.

कलम २३ नुसार न्यायदंडाधिकारी अर्जदाराच्या शपथपत्रावर, तुमचं म्हणणं ऐकण्याआधीच, अंतरिम आदेश देऊ शकतात. हा अन्याय आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण हा अधिकार का दिला तेही समजून घ्या. मार खाणाऱ्या बाईला दोन महिन्यांनी मिळालेलं संरक्षण काय कामाचं? या तरतुदीमुळे कित्येक जणींचे जीव वाचलेत. तेव्हा कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं, असा त्याचा अर्थ काढू नका. सध्या समोर एकाच बाजूचे कागद आहेत आणि धोका नको, एवढाच त्याचा अर्थ.

आदेशात काय काय असू शकतं ते कलम १८ मध्ये आहे. हिंसाचार करू नये किंवा कोणाला करायला लावू नये. तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नये, अर्जदार अल्पवयीन असेल तर तिच्या शाळेत जाऊ नये. तिच्याशी प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने कसलाही संपर्क करू नये. संयुक्त खातं, लॉकर, स्त्रीधन यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. तिच्या नातेवाइकांना किंवा तिला मदत करणाऱ्यांना त्रास देऊ नये. प्रत्येक आदेशात हे सगळं असेलच असं नाही, म्हणून तुमच्या हातातल्या आदेशाचा शब्द न शब्द वाचा. समजला नाही तर वकिलाकडून ओळीओळीने समजावून घ्या.

आणि मग तो जसाच्या तसा पाळा. अर्ज खोटा आहे याची तुम्हाला शंभर टक्के खात्री असली तरी पाळा. अर्ज दिवाणी स्वरूपाचा असला तरी संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंतरिम संरक्षण आदेशालाही हेच लागू. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही, आणि केवळ तिच्या साक्षीवरही कोर्ट तो शाबीत धरू शकतं. म्हणजे ज्या माणसाविरुद्ध कालपर्यंत एकही गुन्हा नव्हता, तो एका फोनमुळे खरोखरचा आरोपी होतो.

भंग कसा होतो बघा. आदेशात संपर्काला मनाई आहे. आज मुलीचा वाढदिवस. रात्री साडेअकरा वाजता माणूस मोबाइल हातात घेऊन बसतो आणि टाइप करतो: "भांडण तुझं माझं आहे, पिलूला फक्त हॅपी बर्थडे सांग." एकही शिवी नाही, धमकी नाही. बाण दाबला, दोन निळ्या टिका आल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट कोर्टात. त्या माणसाच्या मनात काय होतं ते मला समजतं, कुठल्याही बापाला समजेल. पण आदेशात "प्रेमाचा मेसेज चालेल" असं कुठेही लिहिलेलं नसतं. मित्राकडून निरोप पाठवणं, तिच्या पोस्टवर शेरा टाकणं, तिच्या नावाने स्टेटस ठेवणं, हे सगळं टाळा. मुलीच्या वाढदिवसासाठी भेट किंवा फोन हवा असेल तर तारखेच्या आधी वकिलामार्फत अर्ज द्या. कलम २१ मध्ये भेटीची सोय आहे आणि ठरावीक वेळ, ठरावीक ठिकाण घालून कोर्ट ती देऊ शकतं.

याच्याइतकीच फसवी गोष्ट म्हणजे तिचाच फोन येणं. "ये, बोलून मिटवू." कदाचित ती मनापासूनच बोलवत असेल. पण आदेश कोर्टाचा आहे आणि तो तुमच्यावर बांधलेला आहे, तो फोनवरून सैल होत नाही. तिला तो नको असेल तर तिनेच कोर्टात तसा अर्ज द्यायचा असतो. फोनची नोंद ठेवा, उत्तर देऊ नका, वकिलाला कळवा. तुमचे कपडे, औषधं, शाळा-कॉलेजचे दाखले त्या घरात अडकले असतील तर तेही कोर्टाच्या परवानगीने आणि ठरलेल्या वेळीच आणायचे.

लेखी म्हणणं

कोर्टाच्या बोलीत याला नुसतं "म्हणणं" किंवा "से" म्हणतात. केसचा बराचसा पाया इथेच पडतो, आणि बहुतेक म्हणणी वाचवत नाहीत अशी असतात. अर्जात लिहिलेलं असतं: अमुक तारखेला रात्री गैरअर्जदाराने मला मारहाण करून घराबाहेर काढलं. त्यावर ठरलेलं उत्तर: "परिच्छेद ७ मधील मजकूर खोटा, खोडसाळ व कपोलकल्पित असून तो गैरअर्जदारास मान्य व कबूल नाही." हे वाक्य न्यायाधीशांनी त्याच दिवशी बाकीच्या केसेसमध्येही वाचलेलं असतं. त्यातून तुमच्याबद्दल काहीही कळत नाही.

त्याऐवजी असं लिहिलं तर? "त्या दिवशी दुपारी दोन ते रात्री दहा मी कारखान्यात पाळीवर होतो, हजेरीपटाची प्रत जोडली आहे. साडेदहाला घरी आलो तेव्हा अर्जदार घरात नव्हती. त्याआधी संध्याकाळी सात वाजता तिने मला 'बाबा न्यायला आलेत, जाते' असा मेसेज केला होता, तो जोडला आहे." आता कोर्टासमोर तपासता येईल अशी वस्तुस्थिती आली. प्रत्येक परिच्छेदाला असं उत्तर द्या. जे खरं आहे ते मान्य करा: लग्नाची तारीख, मुलं, एकत्र राहिल्याचा काळ. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. जे खोटं आहे त्यापुढे ते का खोटं आहे तेही लिहा.

आणि खरंच हात उचलला असेल तर? वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. म्हणण्यासोबत शपथपत्र असतं, त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. शिवाय एक गोष्ट लपवली आणि उलटतपासात ती बाहेर आली, की तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. झालेली मारहाण नाकारून वाचण्यापेक्षा पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी देणं, समुपदेशनाला जाणं, पोटगी वेळेवर भरणं, हे कोर्टालाही योग्य वाटतं आणि माणूस म्हणूनही योग्य आहे.

तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याचा मोह टाळा. घरचे लोक आग्रह करतात, "हेही लिहा, तेही लिहा." आधारहीन आरोप तुमच्याच अंगाशी येतात, कारण शाब्दिक आणि भावनिक छळ ही कलम ३ मध्ये हिंसाच आहे, आणि तुमचं म्हणणं हाच तिच्यासाठी नवा पुरावा ठरू शकतो.

पुरावा

कोर्ट शब्दांपेक्षा कागद मानतं. व्हॉट्सअॅपचे संवाद सलग द्या, सोयीचे तेवढे तोडून देऊ नका. मूळ फोन जपा, तो विकू नका, फॉरमॅट मारू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून वेळीच तयार करून घ्या. बँकेचे उतारे, भाड्याचा करार, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची कागदपत्रं तारखेनुसार लावा. साक्षीदार म्हणून फक्त आई-वडिलांना उभं करण्यापेक्षा शेजारी, घरमालक, सहकारी यांचं वजन जास्त पडतं. तिचा पासवर्ड माहीत आहे म्हणून तिचं ईमेल किंवा फोन उघडून पुरावा काढायला जाऊ नका, तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. आणि जुने मेसेज डिलीट करू नका, गैरसोयीचे असले तरी. समोरच्या फोनमध्ये ते असतातच.

पैसा, घर

संरक्षणासोबत बहुधा पोटगी, घरभाडं, औषधोपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाईही मागितलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर शपथपत्र द्यायचं असतं. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. उत्तर आणि हे शपथपत्र देण्यासाठी साधारण चार आठवडे धरलेले आहेत, आणि वारंवार चालढकल केली तर कोर्ट तुमचा बचावच काढून टाकू शकतं. उत्पन्न लपवू नका, पण खर्चही गाळू नका: आईवडिलांची औषधं, गृहकर्जाचा हप्ता, आधीच्या केसमध्ये भरत असलेली पोटगी. दुसऱ्या कोर्टाने पोटगी लावलेली असेल तर ती रक्कम नवा आदेश देताना विचारात घेतली जाते, पण ते तुम्ही पावत्यांसकट दाखवलं तरच. पोटगी नेहमी बँकेतून भरा. रोख देऊन पावती न घेणाऱ्यांना तेच पैसे दुसऱ्यांदा भरावे लागल्याचं मी पाहिलं आहे. नोकरी असेल आणि रक्कम थकली, तर कोर्ट मालकाला थेट पगारातून देण्याचा आदेश करू शकतं.

"घर माझ्या वडिलांच्या नावावर आहे, तिचा हक्क नाही," हा युक्तिवाद एकेकाळी चालायचा. १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने तो पुसला. सामायिक घर, म्हणजे नातं असताना ती जिथे राहिली ते घर, सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथे तिचा राहण्याचा हक्क असू शकतो, आणि कलम १९ खाली तुम्हालाच घर सोडायला सांगितलं जाऊ शकतं. हा मालकीहक्क मात्र नाही. तिला तशाच दर्जाचं पर्यायी घर किंवा भाडं देण्याची तयारी दाखवता येते, आणि वृद्ध आईवडील त्याच घरात असतील तर हा प्रस्ताव लवकर मांडलेला बरा.

तारखा

कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी वर्ष-वर्ष जातं, त्या तयारीनेच उतरा. पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल करा, अर्ज आणि जोडकागद मागा, म्हणण्यासाठी मुदत मागा. अंतरिम आदेश एकतर्फी झाला असेल तर तो उठवण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज म्हणण्यासोबतच द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या पुरुषालाही मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. कोर्टाच्या आवारात तिच्याशी किंवा तिच्या माणसांशी बोलायला जाऊ नका, कँटीनमध्येही नाही. सुनावणी बंद दालनात व्हावी असं वाटत असेल तर कलम १६ खाली तशी विनंती दोघांपैकी कोणीही करू शकतं, आणि मुलांचं नाव येणाऱ्या प्रकरणात मी तरी ती जरूर करायला सांगेन.

तडजोड होणार असेल तर ती मध्यस्थी केंद्रात किंवा वकिलांमार्फत होऊ द्या आणि कोर्टासमोर पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, देऊन नोंदवून घ्या. कोणती केस कोण मागे घेणार, मुलं कोणाकडे, पैसे किती आणि कधी, स्त्रीधनातली कुठली वस्तू कुठे, हे सगळं तारखेसकट लिहिलेलं असावं.

निकाल विरुद्ध गेला तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम २९ खाली सत्र न्यायालयात अपील करता येतं. आदेशाची प्रत दोन्ही बाजूंना मोफत मिळते, ती त्याच दिवशी मागा. अपील दाखल केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो आणि स्थगिती मिळेपर्यंत आदेश पाळावाच लागतो. अर्ज मुळातच कायद्यात बसत नसेल तर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयातही जाता येतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग खुला असल्याचं सांगितलं, पण उघड बेकायदेशीरपणा किंवा प्रक्रियेचा दुरुपयोग असेल तेव्हाच, जपून.

संरक्षण आदेशाला ठरावीक मुदत नसते. ती स्वतः तो रद्द करायला सांगेपर्यंत तो चालू राहतो. पण परिस्थिती बदलली तर कलम २५ खाली तुम्हीही बदलाचा अर्ज करू शकता: नोकरी गेली, आजारपण आलं, तिने दुसरं लग्न केलं, मूल सज्ञान झालं. २०२४ च्या निकालाप्रमाणे हा बदल आदेशाच्या नंतर घडलेला असावा लागतो, आधीच्याच गोष्टी त्या अर्जात पुन्हा उगाळता येत नाहीत. म्हणून आदेशाच्या तारखेपासून एक फाइल वेगळी ठेवा. पोटगीच्या पावत्या, मुलांच्या भेटींच्या नोंदी, समुपदेशनाला हजर राहिल्याचे दाखले त्यात जमा करत जा. दोन वर्षांनी बदलाचा अर्ज लिहायला बसाल, तेव्हा त्याला जोडायला हेच कागद लागतील.